टावारेसचे १.५९ कोटी डॉलर: लूट की हक्क?

बर्फातला_मिरजकर:
शेजारच्या धाग्यावर एका महाभागाने लिहिलंय, "२०१८-१९ ला टावारेसने १.५९ कोटी डॉलर घेऊन लीफ्सना लुटलं. घरचा पोरगा असून एक पैसा सोडला नाही." तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: टावारेस हा आइस हॉकीपटू, लीफ्स म्हणजे एनएचएल या लीगमधला टोरंटोचा संघ.) अहो, सात वर्षांचा ७.७ कोटींचा करार, म्हणजे कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) तो धरला जायचा वर्षाला १.१ कोटीला! पहिल्या वर्षी हातात जास्त पडले एवढंच. सॅन होजेचा संघ वर्षाला १.३ कोटी द्यायला तयार असल्याच्या बातम्या होत्या. ते सोडून टोरंटोशेजारच्या मिसिसागात जन्मलेला माणूस टोरंटोला आला आणि आल्या आल्या ४७ गोल मारले. आता काय फुकट खेळायचं?

पहाटे_पाचला_रिंकवर:
४७ गोल मान्य. पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून सातव्या सामन्यात हरलो, ते सोयीस्कर विसरलात. टॅम्पाचा कुचेरोव्ह बघा. त्याच सीझनला १२८ पॉइंट (गोल अधिक गोलला दिलेले पास), हार्ट ट्रॉफी (सीझनचा सर्वात मोलाचा खेळाडू), आणि कॅप हिट (कॅपमध्ये धरलेला आकडा) जेमतेम ४८ लाख! ७.९५ कोटींच्या कॅपमध्ये टीम अशी उभी करतात. आमचा लीफ्सचा निलँडर मात्र करारासाठी १ डिसेंबरपर्यंत अडून बसलेला.

बर्फातला_मिरजकर:
तो कुचेरोव्हचा जुना करार हो! ९५ लाखांच्या नव्यावर सही आधीच झाली होती. आणि तुमची लाडकी टॅम्पा ६२ सामने जिंकून प्लेऑफमध्ये कोलंबसकडून मालिका ४-० ने हरून घरी गेली. स्वस्ताई कामाला आली म्हणायची.

कराचा_मारा:
दोघंही मुद्द्याला बगल देताय. खरा खेळ टॅक्सचा आहे. त्या १.५९ कोटींत पगार किती? साडेसहा लाख, लीगचा किमान. उरलेले १.५२५ कोटी साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम. लॉकआउट झाला (मालकांनी लीग बंद ठेवली) तरी मिळणार, बायआउटमध्येही (संघाने करार मध्येच मोडला तरी) कापता येत नाही. वर अमेरिकेचा रहिवासी असला की दोन देशांच्या करारानुसार कॅनडात त्यावर १५ टक्केच कर. टोरंटोच्या ऑन्टॅरियो प्रांतात वरचा दर ५३ च्या पुढे आहे, राव. मला मार्चमध्ये बोनस मिळाला, त्यातला मोठा घास सरकारने घेतला. मला का नाही १५ टक्के?

बर्फातला_मिरजकर:
तुम्ही किती गोल मारलेत?

कराचा_मारा:
वैयक्तिक होऊ नका. एक्सेल शीटमध्ये गोल मोजत नाहीत.

ओकव्हिलचा_शेजारी:
१५ टक्क्यांत सुटला असं समजू नका. त्याच बोनसवर कॅनडाच्या महसूल खात्याने व्याजासकट सुमारे ८० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, हा पगारच आहे म्हणून. टावारेस त्याविरुद्ध करन्यायालयात गेला. आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तिथे कमी आकड्यावर सही करणं परवडतं.

कराचा_मारा:
फ्लोरिडाचं कौतुक पुरे. मेहुणा टॅम्पाला असतो. आयकरात वाचवलेलं घराच्या विम्यात घालवतो आणि दर वादळाला आम्हाला फोन करतो.

ओकव्हिलचा_शेजारी:
कुचेरोव्ह तुमच्या मेहुण्याच्या सोसायटीत राहत नसावा.

गोलकीपरची_आई:
विमा, मेहुणा, सगळं झालं? त्याच सीझनला बायकांच्या सीडब्ल्यूएचएल या हॉकी लीगमध्ये वर्षाचं मानधन होतं २,००० ते १०,००० डॉलर. ३१ मार्च २०१९ ला लीग बंद करत असल्याचंच जाहीर केलं. ऑलिम्पिक खेळलेल्या पोरी त्यात होत्या. माझी मुलगी गोलमध्ये उभी राहते. तिचे पॅड घेताना नवऱ्याने किंमतीची चिठ्ठी दोनदा वाचली. पुढे तुला काय मिळेल, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

पहाटे_पाचला_रिंकवर:
ताई, दुःख खरं आहे, पण अवांतर आहे. टावारेसने कमी घेतले असते तरी ते मालकाच्याच खिशात गेले असते.

गोलकीपरची_आई:
मग इतका वेळ तुम्ही मालकाची वकिली करत होतात?

बर्फातला_मिरजकर:
मालकाच्या खिशात नाही हो. लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा वाटा ५० टक्के ठरलेला. याने सोडले असते तर ते दुसऱ्या खेळाडूंकडे गेले असते.

पहाटे_पाचला_रिंकवर:
अहो, मी वेगळं काय सांगतोय? म्हणजे डिफेन्ससाठी पैसे उरले असते! धन्यवाद, धागाकर्ते.

बर्फातला_मिरजकर:
बरं, घ्या. सॅन होजेपेक्षा २० लाख कमी घेतलेच होते, तुमच्या समाधानासाठी आणखी दहा सोडायचे होते. झालं?

कराचा_मारा:
मला १५ टक्के का नाही, यावर अजून कोणीच बोललं नाही.