प्रिस्क्राइब्ड बर्न: वणवा, दहन की भाजणी?

मीरा_सॅक्रामेंटो: इथे कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी आमचं मंडळ धुराबद्दल मराठीत एक पान काढतंय. 9 सप्टेंबर 2020 ला बे एरियात आकाश नारिंगी झालं होतं, सकाळी दहाला दिवे लावले होते आम्ही. तो वणव्याचा धूर, तिथवर सोपं आहे. पण उन्हाळ्यात मोठ्या आगीला खायला काही उरू नये म्हणून थंडीत, वसंतात मुद्दाम, हवा बघून रानातला पालापाचोळा जाळतात. त्या प्रिस्क्राइब्ड बर्नला काय म्हणू? मी 'नियोजित वणवा' लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वणवा लागतो. ठरवून लावतात ती जाळपोळ."

शब्दप्रेमी: 'विहित दहन'. अर्थ चोख आहे आणि संस्कृत धातू हाताशी असताना उसनवारी कशाला?

खादाड_पुणेकर: दहन आम्हाला दोनच ठिकाणी भेटतं, होळीत आणि वैकुंठ स्मशानात. आजी पान टाकून देतील.

रानवाटा: सरळ 'नियंत्रित आग' लिहा की.

मीरा_सॅक्रामेंटो: एप्रिल 2022 मध्ये न्यू मेक्सिकोत अशीच लावलेली आग हातची सुटली आणि त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग झाली. तेव्हापासून 'नियंत्रित' म्हटलं की लोक हसतात.

साग_आणि_मोह: आमच्या गडचिरोलीकडे वनखात्यात 'जाळरेषा' म्हणतात. उन्हाळ्याआधी पट्टा आखायचा, गवत कापायचं, वाळलं की जाळायचं. पण ती रेषा झाली. तुमचं रानच्या रान दिसतंय.

हर्णैकर: अहो, कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ते काय वेगळं? कवळ तोडायची, शेणावर पसरायची, वर पातेरा, गवत, थोडी माती. आमचे आजोबा आधी मूठभर धूळ उडवून वारा बघत. मग वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावत. आग वाऱ्याच्या तोंडावर, उलटी, मुंगीच्या पावलांनी सरकते. वाऱ्यामागून लावलीत तर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत. आणि त्याला कुणी 'जाळणे' म्हणत नाही, 'भाजणे' म्हणतात. जाळलेलं संपतं, भाजलेलं कामाला येतं. 'रानभाजणी' लिहा.

खादाड_पुणेकर: मला थालीपीठ दिसलं.

शब्दप्रेमी: राब रोपांसाठी असतो, वणवा टाळायला नव्हे. हेतू वेगळा तर शब्दही वेगळा हवा.

हर्णैकर: हेतू वेगळा, हात तोच. तिथले कारुक, युरोक आदिवासीही पिढ्यान्‌पिढ्या असंच रान भाजत आलेत. त्यांना कुणी 'विहित' सांगितलं होतं?

मीरा_सॅक्रामेंटो: भाजणी आवडली. आता धुराचं. हवेच्या दर्जावर लक्ष ठेवणारं खातं त्या दिवशी जाळायला परवानगी देतं की नाही, ते धूर वर चढेल का, यावर ठरतं. रात्री दरीत थंड हवा तळाशी आणि ऊब वर, झाकण ठेवल्यासारखी. धूर अडकतो. 'तापमान व्युत्क्रमण' लिहून मीच दमले.

हर्णैकर: 'धूर बसलाय.' पुरे. ऊन चढलं की उठतो.

रानवाटा: पण घरात शिरला की 'कोंदतो'. आणि धुरातले पीएम 2.5 म्हणतात ते बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे, फडक्याला दाद देत नाहीत. पदर नाही, एन 95 मास्क, हे ठळक छापा.

शब्दप्रेमी: 'धुरके' हा तयार शब्द आहे.

साग_आणि_मोह: धुरक्याला धुकं लागतं. यांच्याकडे कोरडं रान आहे.

शब्दप्रेमी: बरं, 'वणवा' म्हणजे वन अधिक दव. संस्कृतात दव म्हणजेच रानातली आग, त्यावरूनच दावानल. आणि मराठीत पहाटेचं दव थंडगार! माझं मत, पहाटे पानांवरून वाफ निघते ती धुरासारखी दिसते, म्हणून...

खादाड_पुणेकर: म्हणून काहीही.

मीरा_सॅक्रामेंटो: पान उद्या छापायला जातंय, कुणीतरी एक शब्द सांगा!

रानवाटा: हर्णैकर, तुमच्याकडे 'कवळ' तोडलेल्या फांद्यांना म्हणतात की नुसत्या पाल्याला? आमच्या मावळात जरा निराळं ऐकलंय.

हर्णैकर: फांद्यांना. पाल्यासकट. मावळात काय ऐकलंत ते सांगा आधी.