लॅपटॉप चोरीला गेला तर ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमुळे खरंच परत मिळतो का?

शिरोळकर
लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. तिघी मुली एका खोलीत राहणार. लॅपटॉप घ्यायला कोल्हापुरात गेलो तर दुकानदार मागंच लागला, "ट्रॅकिंग सॉफ्टवेअर टाकून घ्या, दरवर्षी थोडे पैसे भरायचे, चोरीला गेला तरी नकाशावर दिसतोय, जातोय कुठं?" पुतण्या म्हणतो विंडोजमध्ये ते फुकटच असतंय. बजेट आधीच पार झालंय. कुणाचा लॅपटॉप असा सापडलाय का? ऐकीव नको, माहितगारांनी सांगा.

चिपलेव्हल
दादा, नाशकात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे या धंद्याची दुसरी बाजू मला दिसते. "पासवर्ड विसरलो, फॉरमॅट मारून द्या" म्हणत लोक येतात. चार्जर नाही, बिल नाही, लॉगिनच्या स्क्रीनवर नाव कुणा मुलीचं आणि समोर मिशीवाला बाप्या. बिल मागितलं की "घेऊन येतो" म्हणून जातात, ते जातातच. पण पेन ड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकायला माझी गरज कुठे आहे? ते कुणालाही येतं, आणि ते झालं की दुकानदाराचं सॉफ्टवेअर गेलं.

फॉरमॅट नाही मारला असं धरू. लॅपटॉपमध्ये सहसा जीपीएस नसतं. आजूबाजूचे वाय-फाय राउटर ओळखून तो आपली जागा ठरवतो, आणि ती कळवायला इंटरनेट लागतं. वाय-फाय बंद तर सगळं बंद. नुसत्या आयपी अॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, शोधाल तर त्याहून वाईट. मोबाइल कंपन्या एकच आयपी एका वेळी शेकडो गिऱ्हाइकांना वापरायला देतात, त्यामुळे लॅपटॉप नाशकात आणि नकाशावर मुंबई, असं सर्रास होतं. त्या आयपीमागचं गिऱ्हाईक कोण, हे फक्त कंपनी सांगू शकते, आणि तेही पोलिसांना. तुम्हाआम्हाला नाही.

फॉरमॅटनंतरही टिकणारा एक प्रकार आहे. अॅब्सोल्यूट नावाच्या, मूळच्या कॅनडातल्या कंपनीचा छोटा प्रोग्राम बऱ्याच बिझनेस मॉडेलच्या बायॉसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, येतो. तो चालू केलेला असेल तर नवीन विंडोज टाकली तरी परत येऊन बसतो. विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं की मात्र त्याचं काही चालत नाही. घरगुती मॉडेल घेताना दुकानदार जे विकतो ते बहुतेक हे नसतंच. विचारून बघा, "बायॉसमध्ये आहे का?" चेहऱ्यावरूनच कळेल.

पुतण्याचं बरोबर आहे. 'फाइंड माय डिव्हाइस' विंडोजमध्ये 2015 पासून आहे. लोकेशन चालू ठेवायचं आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं खातं वापरायचं. कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर ते चालत नाही, आणि पोरं नेमकी तीच आयडी टाकतात.

पिंपरीची_नीता
आमच्या भावाच्या लॅपटॉपचं लोकेशन दिसलं होतं हो! ठिपका एका चार मजली इमारतीवर. चौकीत दाखवला तर म्हणाले, "यातल्या कुठल्या घरात शिरू ते सांगा." चूक त्यांचीही नाही म्हणा. पुढे ठिपका हलायचाच बंद झाला. लॅपटॉप काही मिळाला नाही.

चिपलेव्हल
ताई, हेच होतं. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला एकाचं मॅकबुक घरातून चोरीला गेलं. त्यात 'हिडन' नावाचं अॅप होतं. त्यानं वापरणाऱ्याचे फोटो काढून पाठवले, अगदी गाडी चालवतानाचेसुद्धा. पोलिसांनी तरी हात वर केले. मालकानं ते फोटो इंटरनेटवर टाकले, जगभर बोभाटा झाला, मग कुठे अटक झाली आणि मशीन परत आलं. अॅपनं आपलं काम चोख केलं होतं, पोलिसांना हलवलं बोभाट्यानं.

अॅड_कुलकर्णी
फोटोंबद्दल सावधान. अमेरिकेतल्या ओहायोत एका बदली शिक्षिकेनं जुना लॅपटॉप साठ डॉलरला घेतला, तो चोरीचा निघाला. ट्रॅकिंग कंपनीच्या माणसानं तिचे खासगी संवाद आणि चित्रं टिपून पोलिसांना दिली. 2011 मध्ये कोर्टानं कंपनीविरुद्धचा तिचा दावा चालू द्यायला हरकत नाही असं म्हटलं, आणि पुढे तडजोड झाली. तेव्हा ठिपका दिसला म्हणून स्वतः कुणाच्या दारात जाऊ नका आणि फोटोही व्हायरल करू नका.

शिरोळकर, चोरी झालीच तर 'गहाळ' झाल्याचा दाखला घेऊन परत फिरू नका. फिर्यादीत चोरीच लिहायला सांगा, भारतीय न्याय संहितेचं कलम 303. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सिरीयल नंबर फिर्यादीत हवाच. उद्या माल सापडला तरी तो मुद्देमाल असतो, कोर्टात अर्ज करून बंधपत्रावर सोडवून घ्यावा लागतो, आणि तिथे बिल मागतात. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर लॅपटॉप ब्लॉक होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते मोबाइलच्या आयएमईआय नंबरवर चालतं.

शिरोळकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे दुकानदाराला नको म्हणतो. मग ते पैसे कुठं घालू?

चिपलेव्हल
एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि लेकीला दर रविवारी बॅकअप घ्यायला लावा. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट गेला की लॅपटॉपपेक्षा तेच जास्त रडवतं. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का तेही बघा. ते असलं की एसएसडी (आतली डिस्क) काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तिचे फोटो आणि कागदपत्रं कुणाला उघडता येत नाहीत. त्याची 'रिकव्हरी की', म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, मात्र छापून घरी तुमच्याकडे ठेवा, नाहीतर उद्या तुम्हीच माझ्याकडे याल आणि मलाही काही करता येणार नाही.

बॉक्सवरच्या सिरीयल नंबरचा आणि बिलाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि खोलीत कुलपाचं कपाट आहे का, हे घरमालकाला डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा.