वाचताना तुम्ही स्वतःला प्रश्न विचारता का? (अनुभव)

सांजवात
भाची दहावीला आहे. काल तिचा हिंदीच्या कृतिपत्रिकेचा सराव चालला होता. त्यात ते गद्य आकलन असतं ना, उताऱ्यावर आपणच चार प्रश्न काढायचे, उत्तरं एकेका वाक्यात उताऱ्यातच सापडली पाहिजेत. ती 'किसने, कब, कहाँ' करून दोन मिनिटांत मोकळी!
मला आमच्या इतिहासाच्या बाई आठवल्या. धडा वाचण्याआधी त्या नुसती उपशीर्षकं बघायला लावायच्या आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने एक प्रश्न. पानिपतच्या धड्यात मी लिहिलं होतं, 'कुंजपुरा जिंकला तरी मराठे अडकले कसे?' मग वाचताना अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली हे वाक्य आलं आणि डोक्यात दिवा लागला. मराठे दिल्लीच्या उत्तरेला, हा मधे आला, दिल्लीची वाटच तुटली की! ऑक्टोबर 1760. सनावळ्या माझ्या कधीच लक्षात राहत नाहीत, ही राहिली.
तुमचे अनुभव लिहा.

गवती_चहा
बी.एड.ला हेच 'एसक्यूथ्रीआर' नावाने घोकलंय. रॉबिन्सन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची वाचायची पद्धत, 1946 ची. चाळा, प्रश्न काढा, वाचा, पुस्तक मिटून सांगा, उजळणी करा. परीक्षेत पाचही पायऱ्या लिहिल्या, पण तो धडा वाचताना एकही वापरली नव्हती 😄

नाना_कोकणे
आमच्याकडे आजी दासबोध वाचायची. त्याची सुरुवातच बघा, 'श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ'. आधी प्रश्न, मग ग्रंथ! आजी एक ओवी वाचून थांबायची, चष्मा कपाळावर सारायची आणि स्वतःलाच म्हणायची, "बरं, मग? असं का म्हणाले समर्थ?" आम्हाला वाटायचं आम्हाला विचारतेय, आम्ही पळायचो.

पुढची_प्रिलिम
हे सगळं ठीक, पण यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरला 80 प्रश्न आणि 2 तास असतात. तिथे प्रश्न आयोग विचारतो, मी कशाला विचारू? आधी खालचे प्रश्न वाचायचे, मग उतारा.

गवती_चहा
@पुढची_प्रिलिम परीक्षेत तेच कर रे. पण घरी अग्रलेख वाचताना करून बघ. हा माणूस नक्की कुणाशी भांडतोय, एवढंच विचारायचं.

पुढची_प्रिलिम
बघतो. काकू तुम्ही क्लास घेता का?

गवती_चहा
काकू???

नाना_कोकणे
🤣🤣

म्युनिककर
इथे सरकारी पत्र आलं की पोटात गोळा येतो. अर्धं पान लांबीचं एक वाक्य. आता शब्दकोश उघडण्याआधी तीनच गोष्टी शोधते. कुणी पाठवलं, मी काय करायचंय, कधीपर्यंत? तारीख सापडली की निम्मं पत्र कळलं. बाकी कायद्याची कलमं, ती नवऱ्याला.

हिशोबी
गृहकर्जाचे कागद असेच वाचले. प्रत्येक पानाला एकच प्रश्न, 'हप्ता चुकला तर?' सह्या घेणारा मुलगा सारखा घड्याळाकडे बघत होता. बघू दे. सक्तीच्या विम्याचा कागद मधोमध घातलेला सापडला तो त्यामुळेच.

सांजवात
@हिशोबी यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

झेडपी_गुरुजी
चौथीचा वर्ग. चार-चार जणांचे गट केलेत. परिच्छेद झाला की एक जण सारांश सांगतो, एक प्रश्न विचारतो, एक अडलेला शब्द सोडवतो, एक पुढे काय होईल ते सांगतो. पॅलिन्सार आणि ब्राऊन या दोघी संशोधकांनी 1984 मध्ये हे मांडलं, प्रशिक्षणात ऐकलं होतं. पहिले काही आठवडे नुसते 'राजाचे नाव काय' छाप प्रश्न. गाईडमधून उचललेले वाटावेत असे. मग मीच मोठ्याने वाचताना अडायला लागलो, "थांबा, हे मला पटलं नाही." परवा एक कधीच न बोलणारी पोरगी म्हणाली, "गुरुजी, विहीर कोरडी होती तर बेडूक आत कुठून आला?" मी तो धडा किती वर्षं शिकवतोय!
बाकी नंतर लिहितो, पोषण आहाराची नोंद राहिलीय.

शेवग्याची_शेंग
वाचतेय सगळं. कुकर लावलाय. विषय सोडून, कैरीच्या पन्ह्यात गूळ किती घालता?

म्युनिककर
कैरीच्या गराच्या दुप्पट. इथे कैरी मिळत नाही, मीठ चोळू नका 😭

शेवग्याची_शेंग
गुरुजी, बेडकाचं काय ठरलं मग?

झेडपी_गुरुजी
धड्यात उत्तर नाही. वर्गात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, पाणी होतं तेव्हापासूनच तो आत होता. दुसरे म्हणतात, लेखकाने विहीर बघितलेलीच नाही.