महालक्ष्म्यांचे पाहुणे आणि आमची भित्री मांजर : मदत हवी आहे

मांजर तीन वर्षांची आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. आमच्या चौघांत एकदम मोकळी, पण दारात अनोळखी चप्पल वाजली की कान मागे, पोट जमिनीला आणि थेट सांदवाडीतल्या (परसातल्या) पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात. तिथं सापाची भीती, वरून गावातली कुत्री. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन आले, तर ही रात्री अकराला परतली.

ओढून काढलं, तर हात ओरबाडला (चूक माझीच). पाहुण्यांच्या हातून सुकट देऊन पाहिली, शिवली नाही. खोलीत कोंडली, तर दार खरवडत रात्रभर ओरडली. बाकी खाणंपिणं ठीक, आजारी वाटत नाही. गावच्या दवाखान्यात गाई-बैलांचेच डॉक्टर.

आता महालक्ष्म्यांना तीन दिवस वीसेक माणसं येतील. घर दोन खोल्यांचं, एकीत महालक्ष्म्या बसणार. स्वयंपाकघरात फळीवर जुनं लुगडं अंथरून खोकं ठेवलंय. सध्या दुपारी त्यातच झोपते. मातीचा ट्रेही तिथंच ठेवता येईल.

हातात दहा दिवस आहेत. एवढ्यात त्या खोक्याची सवय पक्की कशी करू, की गर्दीत ती बाहेर न पळता तिथंच लपेल? की तीन दिवस शेजारच्या रिकाम्या घरात ठेवणं बरं?