ब्रिटनमध्ये डाव्या स्टिअरिंगची जुनी कॅम्पर व्हॅन चालवताना काय काळजी घ्यावी?

लीड्सचा सातारकर :

नमस्कार. गेल्या महिन्यात मी १९७३ सालची फोक्सवॅगन टाइप २ विकत घेतली. आतली मांडणी वेस्टफालिया या जर्मन कंपनीची, छत वर उचलले जाणारे, इंजिन हवेवर थंड होणारे १६०० सीसीचे. गाडी मुळात जर्मनीची असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे आहे. इथली नोंदणी आधीच्या मालकानेच करून घेतली होती, तेव्हा कागदपत्रांची अडचण नाही. अडचण चालवणाऱ्याची आहे. सातारा-पुण्यात दहा वर्षे आणि इथे सात वर्षे मी गाडी चालवली, ती सगळी उजवीकडे बसून.

गेल्या रविवारी सौभाग्यवतींना शेजारी बसवून ए-६५ रस्त्याने स्किप्टनपर्यंत जाऊन आलो आणि तीन गोष्टींनी घाम फोडला. एका ट्रॅक्टरच्या मागे कितीतरी मैल रखडलो, कारण त्याच्या ट्रॉलीपलीकडचे मला काहीच दिसत नव्हते. गाडी सारखी मधल्या पांढऱ्या रेषेकडे सरकत होती. समोरून येणाऱ्या दोघांनी तर दिवे मारून तसे सुनावलेही. आणि एका तिरप्या फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागताना मी उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तेव्हा रस्त्याऐवजी मागच्या खिडकीचा चौकड्यांचा पडदा दिसला.

जुलैमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येत आहेत. त्यांना आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन याच गाडीने लेक डिस्ट्रिक्टला जाण्याचा बेत आहे. मागच्या बाकाला तीन पट्टे बसवलेले आहेत. स्टिअरिंग उजवीकडे करून घ्यावे, असे एका गॅरेजवाल्याने सुचवले आहे. तसे करावे का, की सवयीने जमते?

ब्रिस्टलवासी :

स्टिअरिंग हलवू नका. अकरा वर्षे मी याच जातीची डावी गाडी चालवतो आहे. स्टिअरिंग बॉक्स, पेडल, डॅशबोर्ड, वायपर हे सगळे उपसून दुसरीकडे बसवण्याचा खर्च करूनही सरकता दरवाजा उजवीकडेच, म्हणजे वाहतुकीच्या बाजूलाच राहणार. आणि माझ्या मते या गाडीतला खरा धोका तो दरवाजाच आहे. त्याकडे नंतर येतो.

गाडी मध्यरेषेकडे का सरकते, ते आधी समजून घ्या. इतकी वर्षे आपण उजवीकडे बसत आलो, त्यामुळे मध्यरेषा आपल्या उजव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर असली की गाडी लेनमध्ये नीट आहे, असे शरीराने धरून ठेवले आहे. आता तुम्ही डावीकडे बसलात, तरी शरीर त्याच जागी बसू पाहते आणि गाडीचा उरलेला सगळा देह पलीकडच्या लेनमध्ये जातो. उपाय साधा आहे. रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी डाव्या कडेला समांतर, बरोबर हव्या त्या अंतरावर उभी करा, आपल्या जागी बसा आणि पुढच्या काचेवर जिथे फुटपाथची कड येते तिथे खाली चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा. पहिले दोन आठवडे कड त्या पट्टीवर धरून चालवा. नंतर पट्टी काढून टाकली तरी चालते. मी तर सवय झाल्यावरही वर्षभर काढली नव्हती.

ओव्हरटेकचा लोक फार बाऊ करतात. पन्नास अश्वशक्तीच्या गाडीने दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक करायचेच कशाला? जिथे दोन्ही दिशांचे रस्ते वेगळे आहेत तिथे करा, नाहीतर मागे राहा. मात्र चिकटून राहू नका. जितके मागे राहाल तितके पुढच्या गाडीच्या पलीकडचे दिसते, आणि रस्ता डावीकडे वळत असेल तर तुमच्या डाव्या जागेवरून तिच्या डाव्या अंगाने पुढचा बराच पल्ला नजरेत येतो. उजवे स्टिअरिंगवाल्यांना ते सुख नाही. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून चालत असे आणि गाड्या मात्र बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या, म्हणजे साऱ्या देशाचीच तुमच्यासारखी अवस्था होती. त्या वर्षीच्या ३ सप्टेंबरला पहाटे त्यांनी अख्खी वाहतूक उजवीकडे नेली. त्यामागच्या कारणांत ओव्हरटेक करताना होणाऱ्या समोरासमोरच्या टकरी हेही एक कारण होते. तेव्हा भीती अनाठायी आहे असे मी म्हणत नाही, पण ती टाळणे आपल्या हातात आहे.

तिरपे फाटे मात्र टाळता येत नाहीत. तिथे फाट्याच्या तोंडाशी गाडी रस्त्याच्या ओघाने तिरपी उभी करू नका. थोडी आधीच डावीकडे राहून नाक उजवीकडे वळवा, म्हणजे गाडी मुख्य रस्त्याला जवळजवळ काटकोनात उभी राहते आणि उजवीकडची वाहतूक मागच्या पडद्यातून न दिसता शेजारच्या खिडकीतून दिसते. राउंडअबाउटवरही, म्हणजे वाहतूक बेटाच्या चौकातही, हेच करा, कारण तिथे थांबायचे ते उजवीकडून येणाऱ्यांसाठीच. आणि गाडी चालू असताना पडदे पूर्ण बाजूला करून बांधून ठेवा.

मोटरवेला लागताना स्लिप रोडवर, म्हणजे मोटरवेत मिळणाऱ्या जोडरस्त्यावर, काटकोन करता येत नाही. तिथे आरसा हाच आधार.

पाना-पक्कड :

आरशाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. जुन्या जर्मन गाड्यांवर उजवीकडचा आरसा बहुधा पानाच्या डब्याच्या झाकणाएवढा असतो. तो काढून मोठा, बहिर्वक्र काचेचा आरसा बसवा. परदेशी डाव्या स्टिअरिंगच्या ट्रकचालकांना उजव्या खिडकीवर चिकटवायला इथे फ्रेनेल भिंग (पातळ, चपटे प्लास्टिकचे भिंग) वाटले गेले होते, ते तुम्हालाही कोणीतरी सुचवील. ट्रकचा चालक उंचावर बसतो आणि खाली दाराशी लपलेली छोटी गाडी त्याला त्या भिंगातून दिसते. आपली बैठक तेवढी उंच नाही, त्यामुळे मला तरी त्याचा उपयोग झाला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेडलाइट. उजवीकडून चालणाऱ्या देशांतल्या दिव्यांचा डिपर उजव्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, त्यांच्या कडेचा फुटपाथ आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. इथे तोच उचललेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्या दोघांनी तुम्हाला दिवे मारले ते कदाचित यामुळेही असेल, तुमचे डिपर लागलेले होते का? रात्री गाडी सपाट जागी भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करा आणि डिपर लावून पाहा. प्रकाशाची वरची कड उजवीकडे चढत असेल तर दिवे तिकडचे आहेत. इथे ती डावीकडे चढली पाहिजे. बोटीने चार दिवस युरोपात फिरायला जाणारे लोक दिव्यांच्या काचेवर चिकटपट्ट्या लावतात, पण ती प्रवाशांची तात्पुरती सोय आहे. तुमच्या गाडीला सात इंची गोल दिवे बसतात आणि इथल्या धाटणीचे तसे दिवे सहज मिळतात. काचेसकट जोडी बदला. चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला एमओटी, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट आहे हे खरे, पण गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही. मी सूट असूनही दर वर्षी तपासणी करून घेतो.

वेगदर्शकावर किलोमीटर असतील, तर काचेवर रंगाचे बारीक ठिपके द्या: २० मैलांसाठी ३२, ३० साठी ४८, ४० साठी ६४, ५० साठी ८०, ६० साठी ९६. वेल्सला जाणार असाल तर ३२ चा ठिपका ठळक करा, कारण तिथे सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलांचीच मर्यादा आहे. पेट्रोल ई-५ भरा, म्हणजे पंपावरचे महागाचे सुपर. २०२१ पासून साधे पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे, झाले आहे आणि त्यातले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते. या गाडीचे इंजिन मागे असते, नळी गळली तर आग लागल्याचे पुढे बसलेल्याला उशिरा कळते. नळ्या बदलल्या नसतील तर दिव्यांच्याही आधी त्या बदला.

शेजारच्या जागेवरून :

मी चालवत नाही, चालवणाऱ्याच्या उजवीकडे बसते, त्यामुळे त्या बाजूने दोन शब्द. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत शेजारी बसणाऱ्या माणसाला झोप, फोन आणि वेफर्स यांवर पाणी सोडावे लागते, हे आपल्या सौभाग्यवतींना आधीच सांगून ठेवा.

सुरुवातीला आमचे एकदा थोडक्यात निभावले. डेव्हनमधल्या एका फाट्यावर यांनी विचारले, "जाऊ का?" मी म्हणाले, "जाऊ नको." यांच्या कानात पहिले "जा" शिरले आणि क्लच सुटला. येणारा गाडीवाला ब्रेक लावून थांबला म्हणून बरे. त्या दिवसापासून आम्ही शब्द ठरवून टाकले. जायचे की नाही, हे मी सांगत नाही. मला काय दिसते तेवढेच सांगते. गाडी येत असेल तर "थांब", एवढा एकच शब्द. रस्ता रिकामा असेल तर "मोकळा". सायकलवाला असेल तर "सायकल". निर्णय त्यांचा. शिवाय मोकळा म्हटल्यावर दोन सेकंदांत निघाले नाहीत, तर तो शब्द शिळा झाला असे समजून पुन्हा विचारायचे.

पार्किंगच्या नाक्यावरचे तिकीट आणि टोल हेही शेजारच्याचेच काम. कॉर्नवॉलमधून परत येताना टेमर पुलावर टोल घेतात, तिथे खिडकी माझ्या बाजूला येते. पर्स मागे कपाटात ठेवली की मागच्यांचा जो हॉर्न ऐकावा लागतो तो मी ऐकलेला आहे.

लीड्सचा सातारकर :

सर्वांचे मनापासून आभार. डिपर लागलेलेच होते, पाऊस होता. काल रात्री घरामागच्या भिंतीवर पाहिले: कड उजवीकडे चढते आहे. दिवे मागवले.

ब्रिस्टलवासी, दरवाजाबद्दल आपण नंतर लिहितो म्हणालात. मला वाटले होते की, गाडी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, तोंड उलट दिशेला करून लावली तर सरकता दरवाजा आपोआप फुटपाथवर उघडेल.

ब्रिस्टलवासी :

हा मोह सगळ्यांना होतो. वाहतुकीच्या उलट तोंड करून गाडी लावू नये असे हायवे कोड, म्हणजे इथली वाहतूक नियमांची पुस्तिका, एरवीही सांगतो आणि रात्री तर रस्त्यावर तसे लावायला बंदीच आहे. आखलेली पार्किंगची जागा असेल तेवढा अपवाद. कारणही सरळ आहे: मागचे लाल परावर्तक येणाऱ्याला दिसतच नाहीत. शिवाय तिथून निघताना तुम्हाला आख्खा रस्ता ओलांडावा लागेल.

आमच्या घरचा नियम असा आहे की, रस्त्याच्या कडेला गाडी उभी असताना सरकत्या दरवाजाला आतून कुलूप. सगळे जण दोन सीटांमधल्या बोळातून पुढे येऊन माझ्या, म्हणजे डाव्या दाराने फुटपाथवर उतरतात. आई-बाबांना वाकून पुढे येणे जड जाईल, तेव्हा त्यांच्यासाठी नेहमी बंदिस्त पार्किंग शोधा. थोडे जास्त चालावे लागले तरी हरकत नाही. मुलीला कुलपाचा खटका दाखवूच नका. माझ्या मुलाला दाखवण्याची चूक मी केली होती.

मार्गाबद्दल: ए-६५ने केंडल आणि पुढे ए-५९१ने विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, केजिक हा रस्ता धरा. हार्डनॉटच्या घाटात जाऊ नका. तिथे तीनास एक असा चढ आहे आणि पाच माणसांनिशी ही गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये रडेल. कर्कस्टोनचा घाट चालेल, सकाळी लवकर. दगडी कुंपणांच्या अरुंद रस्त्यांवर तुम्हाला एक फायदा आहे: कुंपण तुमच्या कोपरापाशी असते, त्यामुळे डावीकडे बोटभर जागा ठेवून गाडी घालता येते. समोरून कोणी आले तर उजवीकडे किती जागा उरली, ते मात्र शेजारच्याने सांगायचे.

निफाडचा जीपवाला :

मी ब्रिटनला कधी आलो नाही, पण विषय ओळखीचा निघाला. आमच्या वडिलांकडे युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली डाव्या स्टिअरिंगची जीप होती, द्राक्षाच्या बागेत ती मी शाळकरी वयातच शिकलो. आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगला कायद्याने सरसकट मनाई नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे गाडीला यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारे असले म्हणजे झाले. डावीकडे बसलेल्या माणसाला उजवा हात बाहेर काढून वळण दाखवता येत नाही, हे त्यामागचे उघड कारण. आमच्या जीपचा इशारा बरीच वर्षे चालत नव्हता, तेव्हा उजवीकडे बसून हात काढायचे काम माझे होते.

ताईंनी शब्दांचे लिहिले ते शंभर टक्के पटले. आणखी एक सुचवतो. वारा आणि मागच्या इंजिनाचा आवाज यांत शब्द कळत नाहीत, तेव्हा एसटीची पद्धत वापरा: एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चला. आम्ही डॅशबोर्डवर मुठीने ठोकत असू. एक ठोका चुकून ऐकला गेला नाही तरी गाडी पुढे जात नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

लीड्सचा सातारकर :

नळ्या तपासल्या. टाकीजवळची एक नळी बोटाने दाबली तर तिच्यावर भेगा दिसल्या, त्यामुळे गाडी सध्या उभी आहे. नळ्या आणि दिवे बसले की पुढच्या शनिवारी सकाळी सहाला कर्कबी लॉन्सडेलपर्यंत एक फेरी मारणार आहोत, पडदे बांधून, काचेवर पट्टी लावून. सौभाग्यवतींना "थांब" आणि "मोकळा" मान्य आहेत. बाबांना फोनवर बेलची पद्धत सांगितली, तर त्यांनी एवढेच विचारले की दोरी छताला कुठून बांधायची, कारण छत तर वर उचलले जाते.