अनुभव धागा: पडद्यावर जंगलात हरवलेली पोरं आणि आपण

चार पोरं, पाठीवर एकेक सॅक, आणि पहिल्या वीस मिनिटांत हरवलेला नकाशा. मोठा नट नाही, सेट नाही, गाणं नाही. जीव वाचवायच्या धडपडीचे हे किशोरवयीन साहसपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेत. कोणी मंडळाच्या व्हिडिओवर, कोणी केबलवर दुपारी लागणाऱ्या डब सिनेमात, आणि आता सगळेच मोबाइलवर. स्वस्तात होतात ते उघडच आहे. जंगल भाडं मागत नाही, पात्रं मोजकी, कपडे एकच आणि तेही फाटत जाणारे. राक्षस दाखवायला पैसे नसले तर त्याला झुडपामागे ठेवायचं.

1990 चा 'अ क्राय इन द वाइल्ड' घ्या. गॅरी पॉलसनच्या 'हॅचेट' (1987) या कादंबरीवर बेतलेला. तेरा वर्षांचा मुलगा, लहानसं विमान, वैमानिकाला हृदयविकाराचा झटका, विमान तळ्यात, आणि मुलाकडे एक कुऱ्हाड. एवढ्या सामानावर अख्खा सिनेमा.

मला जाणून घ्यायचंय ते असं: आपलं जंगल शेताच्या धुऱ्यापासून सुरू होतं. मग हे सिनेमे गावात बसून पाहताना काय पटलं, कुठे हसू आलं, कुठे पोटात गोळा आला? नाव आठवत नसेल तरी लिहा. माझं मत आधीच सांगून टाकते. या सिनेमांत प्राणी नेहमी फसतो, पण तहान आणि आपसातली भांडणं खरी उतरतात.

*

खारंपाणी (दर्यापूरकडचा)

आमच्या गावात दुर्गा मांडली का शेवटी शेवटी व्हिडिओ लागे. टीव्ही भाड्याचा, व्हीसीआर भाड्याचा. एक बच्चनचा आन एक इंग्लिश फायटिंगचा, असा रिवाज. एकदा व्हिडिओवाल्यानं फायटिंगच्या जागी भलतीच कॅसेट देली. जंगलात एकलाच पोट्टा, बोलणं नाहीच. बाया उठून जाऊन राहिल्या होत्या. तेवढ्यात त्या पोट्ट्यानं तळ्यात तोंड घातलं आन ढोरावानी पाणी पेला. आमच्या शेजारचे बुढे मोठ्यानं म्हणे, "गोड असन काय रे ते?"

हा प्रश्न आमच्याच पट्ट्यात पडू शकते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा केवढा तरी भाग खारपाणपट्टा आहे. विहीर खोदा नाही तर बोअर मारा, पाणी खारंच. पाणी दिसणं येगळं आन प्याले भेटणं येगळं, हे आमच्या लेकराले चालता याच्या आंधी समजते. पुढं त्या पोट्ट्यानं मासे धरले, आग पेटवली, टाळ्या पडल्या. पण घरी जाताना बुढ्यांची चर्चा पाण्याचीच. फडक्यानं गायलं काहून नाही? उकयलं काहून नाही? सकाऊन पोट धरून बसन हा! आन खरंच पुढच्या सीनमधी तो वकत होता. ते पाहाले बुढे थांबलेच नव्हते.

*

आश्रमशाळेतली बाई (मेळघाट)

प्रोजेक्टर आला तेव्हा मी पोरांना पीटर ब्रूकचा 1963 चा 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' दाखवला. बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुलं. काळापांढरा, कमी पैशांत केलेला, पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावर, अभिनय न शिकलेल्या मुलांना घेऊन. पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती, मुलं बरंचसं आपल्या मनानंच बोलली आहेत. म्हणूनच त्यातली चिडवाचिडवी आमच्या वसतिगृहातल्यासारखी ऐकू येते. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, पण कोण कोणाला डिवचतंय ते सगळ्यांना कळत होतं. मधेच थांबवून मी गोष्ट सांगत होते.

कोरकू पोरांचे आक्षेप मात्र मला सुचले नसते. आठवीतला एक म्हणाला, "एवढी बोंबाबोंब केल्यावर डुक्कर थांबते काय?" एका मुलीनं विचारलं, यांच्यातल्या एकालाही कंद ओळखता येत नाही का, सगळे फळांवरच कसे जगतात?

पण खरी गंमत चष्म्याची. त्यात पिगी नावाच्या मुलाच्या चष्म्यानं सूर्याची किरणं एकवटून आग पेटवतात. मूळ कादंबरीत पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे चष्मा अंतर्गोल भिंगाचा, आणि अंतर्गोल भिंग किरणं पसरवतं. त्यानं आग लागणं शक्यच नाही. हे मी फळ्यावर काढून दाखवलं तर कोणी मानेना. मग भर उन्हात अंगणात प्रयोग. वर्गातल्या एकुलत्या एक चष्मेवाल्या पोराचा चष्मा घेतला, वाळलेल्या गवतावर धरला. काही नाही. शिपाईमामांचा वाचायचा चष्मा आणला, तो बहिर्गोल. गवतातून धूर निघाला आणि पोरं ओरडली. प्रकाशाचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही. मामांनी मात्र चष्मा परत मिळेपर्यंत दोनदा मागितला.

*

मोहफूल

ब्रह्मपुरीकडची आहे. आमच्याकडे व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेरही वाघ आहेत, धानाच्या बांधीत पगमार्क दिसतात. म्हणून सिनेमातली पोरं "चला, वेगवेगळे होऊन शोधू" म्हणाली की माझी आई टीव्ही बंद करायला उठते. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे जातात तेव्हा बाया घोळक्यानं जातात, बोलत राहतात, आणि एक जण उभीच असते. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही म्हणतात. अस्वलाची भीती तर वाघापेक्षा जास्त, कारण मोह त्यालाही हवा असतो. सिनेमातल्या अस्वलाला मात्र फक्त हिरोच हवा असतो.

*

रेंज_नाही

मोबाइलले रेंज नाही हे दाखवाले त्याइले दहा मिनिटं लागतात. एक पोट्टी दगडावर चढते, हात वर करते, मंग रडते. हे पाहून आमच्या गावात कोणी घाबरत नाही. आमचं रोजचंच हाय. टाकीवर चढून लोकं लग्नं जुळवतात.

*

पडद्यामागचा (वडसा)

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत लाइट आणि साउंड पाहतो. धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा सीझन. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. स्टेजवर जंगल उभं करायचं म्हणजे चार फांद्या, मागं निळा लाइट आणि रातकिड्यांचा आवाज. प्रेक्षकांत बसलेले लोक खऱ्या जंगलातून चालत आलेले असतात. तरी ते मानतात, पण एका अटीवर. वाघ दाखवायचा नाही, ऐकवायचा. एकदा एका कंपनीनं कातडं पांघरून माणूस आणला होता. लोक एवढे हसले की पुढचा रडायचा सीन वाया गेला.

म्हणून 1999 चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पाहिला तेव्हा वाटलं, हे तर आपलंच गणित. त्यातले तिघं तशी पोरं नाहीत, सिनेमा शिकणारे विद्यार्थी दाखवलेत, पण जात तीच. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात हरवतात. कॅमेरे नटांच्याच हातात दिले होते, मुख्य शूटिंग आठ दिवसांत झालं, आणि चिडचिड खरी दिसावी म्हणून त्यांचं खाणं रोज कमी करत नेलं. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. रात्री तंबूबाहेर फांद्या मोडल्याचा आवाज, बस. साउंडवाल्याला एवढंच पाहिजे असते. धंदा 24 कोटी डॉलरच्या वर झाला. खाणं कमी करायची आयडिया मी आमच्या मालकाला सांगितली नाही. त्यांना ती आधीच माहीत आहे.

आणखी एक पाहायची गोष्ट. या स्वस्त सिनेमांतली रात्र बहुतेक वेळा दुपारी काढलेली असते, वर निळी झाक. जमिनीकडे पाहा. झाडाची सावली आखूड आणि धारदार दिसली की समजा, डायरेक्टरचं जेवण व्हायचं आहे.

*

तुरीतला_डायरेक्टर (यवतमाळ जिल्हा)

वरचं वाचून हसू पण आलं आन रडू पण. आम्ही कॉलेजचे पोट्टे असाच सिनेमा करून राहिलो. कॅमेरा म्हणजे मोबाइल. गोष्ट अशी का चार मित्र पिकनिकले जातात, गाडी बंद पडते, जंगलात तीन दिवस काढतात. अभयारण्यात शूटिंग कराले परवानगी लागते, फी लागते, हे समजल्यावर जंगल म्हणून बाबाची तूर घेतली. तूर डोक्याच्या वर गेलेली होती, खाली बसून कॅमेरा लावला का काहीच दिसत नाही. लय भारी सीन निघाले.

मंग परीक्षा आली. परीक्षा संपवून गेलो तर बाबानं तूर सोंगून टाकलेली. अख्खं जंगल गायब! अर्ध्या सिनेमात पोट्टे घनदाट झाडीत, आन पुढच्या अर्ध्यात सपाट मैदानात "वाट सापडत नाही रे" म्हणतात. तिकून हिरोचे आजोबा वारले, त्यानं डोक्स्याचे केस काढले. आता स्क्रिप्टमधी टाकलं का जंगलात त्याच्या डोक्यात उवा पडल्या आन दोस्तायनं ब्लेडनं टक्कल केलं. तूर गेल्यावर उरलेला सिनेमा नाल्यात हलवला. मे महिना, नाला कोरडा, दगड एवढे तापलेले का आपटून पडाचा सीन द्याले कोणी तयार नाही. तहानेचा अभिनय कोणाले शिकवा लागला नाही.

खर्च पेट्रोल आन आलुबोंड्यायचा. ब्लेअर विचवाल्यायनं खाणं कमी केलं होतं म्हणता, आमच्याकडं आलुबोंडा दुसरा नाही भेटला तर हिरो घरी जाते.

*

सिस्टर, ग्रामीण रुग्णालय

एकच सांगते, रागानं सांगते. साप चावला की ब्लेडनं कापायचं, तोंडानं विष ओढायचं, थू करून थुंकायचं, घट्ट दोरी बांधायची, हा सीन जवळपास प्रत्येक सिनेमात असतो. आणि मग आमच्याकडे तसेच पेशंट येतात. जखमेत घाण गेलेली, दोरीखालचा पाय काळानिळा, आणि वेळ गेलेला. कापू नका, चोखू नका, आवळू नका. माणसाला झोपवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, गाडी करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं.

दुसरं, सिनेमातला साप फणा काढून, नाव सांगून चावतो. आमच्याकडे येणारी मण्यारची केस रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाची असते. जखम दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणतो आणि पापण्या मिटायला लागतात. हे कोणी पडद्यावर आणलेलं मी तरी पाहिलं नाही.

*

नदीपलीकडे

भामरागडकडची. पावसाळ्यात आमचा रस्ता पाण्याखाली जातो, त्यामुळे अडकणं म्हणजे काय हे सिनेमातून शिकायला लागत नाही.

मला राग येतो तो मुलींच्या भूमिकांचा. त्या किंचाळतात, पाय मुरगळतात, आणि मुलगा त्यांना उचलतो. प्रत्यक्षात काय झालंय ते पाहा. 24 डिसेंबर 1971 ला पेरूमध्ये विमान आकाशातच फुटलं आणि 17 वर्षांची युलियाने कोपके खुर्चीसकट तीनेक किलोमीटर खाली ॲमेझॉनच्या जंगलात पडली. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, एका पायात चप्पल, खायला थोड्या गोड गोळ्या. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, त्यामुळे जंगलात राहिलेली. ओढा मोठ्या पाण्याला मिळतो आणि पाण्याकाठी माणसं असतात, हे वडिलांनी शिकवलेलं. ती ओढ्यानं चालत राहिली. अकराव्या दिवशी माणसं भेटली. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या, त्यावर तिनं एका बोटीजवळ सापडलेलं पेट्रोल ओतलं होतं. यावर इटलीच्या लोकांनी 1974 मध्ये सिनेमा काढला.

आणि 2023 ची कोलंबियातली गोष्ट. 1 मे ला विमान पडलं, आई गेली, चार भावंडं उरली. थोरली मुलगी 13 वर्षांची, धाकटं तान्हं. 40 दिवसांनी चौघंही जिवंत सापडली. आधी विमानातलं कसाव्याचं पीठ खाल्लं, मग जंगलातली फळं. कुठलं खायचं हे आजीनं शिकवलं होतं. ही बातमी मी माझ्या आजीला वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, "बाळाला काय चारलं?" मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कशी कुस्करून द्यायची ते मला अर्धा तास सांगत बसली. पीठ पाण्यात कालवून दिलं असं मी म्हटलं, ते तिला पटलं नाही.

*

खारंपाणी (दर्यापूरकडचा)

नदीपलीकडे ताई, ओढ्यानं चालाचं हे तथी चालते. आमच्याकडं उन्हायात नाल्यानं चालला तर माणूस रेतीच्या ट्रॅक्टरपाशी पोहोचते.

*

नदीपलीकडे

पोहोचतो ना माणसापर्यंत!

*

तुरीतला_डायरेक्टर (यवतमाळ जिल्हा)

वडसावाले भाऊ, एक काम होतं. आमच्या सिनेमात अस्वलाचा सीन हाय. तुमच्या कंपनीत अस्वलाचं सोंग भाड्यानं भेटन काय?

*

पडद्यामागचा (वडसा)

आहे एक. डोकं बरं आहे, मागून उसवलं आहे. सीझनमध्ये मिळणार नाही, आषाढात घेऊन जा. पण माझं ऐका, अस्वल दाखवू नका. आवाजाची क्लिप मी फुकट पाठवतो.

*

तुरीतला_डायरेक्टर (यवतमाळ जिल्हा)

आवाज पाठवाच. सोंग पण ठेवा. हिरोनं अस्वलाशी कुस्तीचा सीन असन तरच काम करतो म्हणून सांगतलं हाय.