फिटची गोळी चालू आहे आणि युरिक ॲसिड 8.4 आलंय, सल्ला हवा

निशिगंधा:
दादाला (वय 46) बारा वर्षांपासून फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. गेल्या चार वर्षांत एकदाही फिट नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये युरिक ॲसिड 8.4 निघालं. सांधे दुखत नाहीत, पायाचा अंगठाही सुजलेला नाही. पण वहिनीने नेटवर वाचलं की व्हॅल्प्रोएटमुळेच हे वाढतं. तेव्हापासून घरात डाळ बंद, पालक बंद, आणि आता गोळी अर्धी करायचं घाटतंय. न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. तोवर काय करावं?

खडीसाखर:
अर्धी?? आधी ते पाकीट वहिनींच्या हातातून काढून घ्या! माझ्या मामांनी दोन दिवस गोळी चुकवली, तर लागोपाठ फिट येऊन आयसीयूत गेले. गाऊटचा (युरिक ॲसिड सांध्यात साठून होणारं दुखणं) अंगठा मी स्वतः भोगलाय, रात्रभर चादरसुद्धा सहन होत नाही. तरी सांगते, तो परवडला.

औषधवाले काका:
वहिनींनी वाचलं ते अगदीच खोटं नाही. जपानमध्ये तीव्र शारीरिक-बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांचा अभ्यास झालाय, त्यात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांचं युरिक ॲसिड जास्त दिसलं. पण अशा रुग्णांची हालचाल फार कमी, आणि बऱ्याचदा फिटची दोन-तीन औषधं एकदम चालू असतात. रोज ऑफिस गाठणाऱ्या माणसाला ते जसंच्या तसं लावू नका. शिवाय या गोळीने वजन वाढतं आणि वजनामागोमाग युरिक ॲसिडही. दोष गोळीचा की सुटलेल्या पोटाचा, हे वेगळं काढणं कठीण.

दादाला बीपी आहे का? असेल तर गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' आहे का बघा.

निशिगंधा:
आहे की! टेल्मिसार्टन, शेवटी एच. सहा महिने झाले. वजनही नव्वदच्या पुढे.

औषधवाले काका:
मग माझा पहिला संशय त्या एचवर. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. त्याने मूत्रपिंडातून युरिक ॲसिड कमी बाहेर पडतं. बीपीच्याच औषधांत लोसार्टन उलट ते थोडं उतरवतं. प्रत्येक डॉक्टरला सगळ्या चिठ्ठ्या दाखवा, एकाची दुसऱ्याला माहिती असतेच असं नाही. रोजची छोटी ॲस्पिरिन किंवा टीबीचं पायराझिनामाइड चालू असेल तर तेही सांगा. आणि रक्त द्यायच्या आधी कडक उपास होता का? त्यानेही आकडा चढतो. मोठी फिट येऊन गेल्यावरही चढतो, पण तो प्रश्न इथे नाही.

थालीपीठ:
डाळीने काय घोडं मारलंय? अमेरिकेत 47 हजार पुरुषांवर बारा वर्षं अभ्यास झाला, 2004 साली छापून आला. मटण-मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला. डाळी, पालक, फ्लॉवर यांनी नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर कमी. बिअर मात्र नक्की वाईट. दादांना विचारा, वहिनींसमोर नको.

गोंधळी:
माझ्या मित्राला फिटसाठी टोपिरामेट दिलंय, वजनसुद्धा उतरलं. तेच मागून घ्या ना.

औषधवाले काका:
टोपिरामेटने मुतखड्याचा धोका वाढतो, गोंधळीशेठ. चार वर्षं फिट नसलेल्या माणसाची गोळी आपण इथे बसून बदलायची नाही. आणि सांधा दुखत नसताना नुसत्या आकड्यासाठी ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवायची गोळीही सहसा सुरू करत नाहीत. कुणी दिलंच आणि अंगावर पुरळ उठलं, तर लगेच डॉक्टर गाठा.

निशिगंधा:
आज बीपीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एच काढून साधी टेल्मिसार्टन दिलीय, घरी रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलंय. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. फिटची गोळी पूर्ण चालू. वरणभातही सुरू झालाय. थालीपीठ, बिअरचं विचारलं. दादा म्हणाला, या धाग्याची लिंक वहिनीला पाठवू नकोस.